प्रश्न तुमचे: तलावाची भीती आणि टेकडीवरची सायकल

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोथरूडला राहते, वय ४१. तीन वर्षं रोड सायकल चालवतेय, टँकमध्ये एक किलोमीटर न थांबता पोहते, दहा किलोमीटर पळते. आता मैत्रीण ऑफ-रोड ट्रायथलॉनच्या मागे लागलीये, तलावात ७५० मीटर पोहणं, डोंगरातून २० किलोमीटर माउंटन बाइक, मग ५ किलोमीटर पळणं. अंतरं जमतील पण तलावाची भीती वाटते. खडकवासल्यात प्रॅक्टिस करू का?

उत्तर: खडकवासल्यात अजिबात नको, मैत्रीण काठावर उभी असली तरी नको. धरणाच्या तळाला गाळ असतो, काठ एकदम खोल होतो आणि ते पुण्याच्या पिण्याचं पाणीही आहे. उघड्या पाण्यात उतरायचं ते कोच, बोट आणि कमरेला बांधायचा तरंगता फ्लोट असेल तेव्हाच. तोवर टँकमध्ये लेन रिकामी असताना आठ-दहा हात डोळे मिटून मारून बघा, कुठल्या बाजूला वाकडं जाता ते लगेच कळेल, कारण तलावात तळाची काळी रेघ नसते, दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून बॉय, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, शोधावा लागतो. शर्यतीच्या सुरुवातीला गर्दीत दम कोंडला तर गर्दीच्या कडेला या, पाण्यात श्वास पूर्ण सोडा, बहुतेक शर्यतींत रेस्क्यू बोटीला धरून थांबता येतं, फक्त धरून पुढे सरकायचं नाही.

पण मला तुमच्या पोहण्याची काळजी नाहीये, सायकलची आहे. "अंतरं जमतील" म्हणताय ना, तिथेच लोक फसतात. १९९६ ला माउई बेटावर जी शर्यत झाली आणि पुढे एक्सटेरा नावाने जगभर गेली, तिच्यात पूर्ण अंतराला सायकल साधारण ३० किलोमीटरच असते, ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये रस्त्यावरची ४०, तरी मातीतल्या ३० ला वेळ जास्त लागतो. म्हणून किलोमीटर विसरा, घड्याळ लावून दीड-दोन तास मातीत चालवा. आपल्या टेकड्यांवरचा सुटा मुरूम उतारावर चाक कसं ओढतो ते रोडवाल्यांना माहीत नसतं, माझी पहिली पडझड तिथेच झाली, वळणात पुढचा ब्रेक दाबला होता. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा, पेडल जमिनीला समांतर, बूड सीटच्या मागे, नजर दगडावर नाही तर जिथून जायचंय तिथे. टायरची हवा रोडच्या निम्म्याहून कमी ठेवा, आणि सकाळी टेकडीवर फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी दिसली की उतरून चाला, प्लीज.

पंक्चर स्वतः काढायला शिका, शर्यतीत बाहेरच्याची मदत सहसा चालत नाही.

पळणं सगळ्यात शेवटी येतं आणि सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, म्हणून आठवड्यातून एकदा सायकल झाली की बूट बदलून लगेच वीस मिनिटं पळा. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढा, उतरताना दगडांवर पाय बारीक आणि पटापट टाका. शर्यतीला निदान तीन महिने असतील तरच नाव द्या. माउंटन बाइक मात्र विकत घेऊ नका अजून, आधी महिनाभर भाड्याने चालवा.