विचारा गाडीबद्दल : हॅरियर ईव्ही की एक्सईव्ही ९ई?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडलेत. जुनी डिझेल गाडी काढून इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं नक्की झालंय, पण ह्यांना महिंद्राची एक्सईव्ही ९ई हवी आणि मला टाटाची हॅरियर ईव्ही बरी वाटते. ह्यांचं म्हणणं, एक्सईव्हीची रेंज ६५६, हॅरियरची ६२७, विषय संपला. मुलगा त्या तीन स्क्रीनवर फिदा आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात. माझं रोज शाळेला जाऊन-येऊन २५ किलोमीटर, महिन्यातून एकदा मुलीकडे मुंबईला, आणि गणपती, शिमगा, मे महिना म्हटलं की कुंभार्ली घाटातून गुहागरजवळच्या गावी. बजेट सगळं धरून २८ लाख. पार्किंग इमारतीखाली, हक्काचं, पण अरुंद. कुठली घ्यावी?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, आधी रेंजचं भांडण मिटवून टाकू, कारण ते सगळ्यात सोपं. ६५६ आणि ६२७ हे एमआयडीसी चाचणीचे, म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक चालीनं गाडी चालवून मोजलेले, आकडे आहेत (औद्योगिक वसाहतीशी संबंध नाही). रस्त्यावर ते कुणालाच मिळत नाहीत. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि हायवेला ताशी शंभर, अशा चालीला या वजनाच्या गाड्यांचं युनिटला सहा किलोमीटर धरा. हॅरियरची बॅटरी ७५ युनिटची, म्हणजे ४५०. एक्सईव्हीची ७९ युनिटची, म्हणजे ४७४. तळाचे दहा टक्के कुणी शहाणा माणूस वापरत नाही. ते वजा केले तर दोघींत उरला बावीसेक किलोमीटरचा फरक. सातारा ते मुंबई दोन्ही एका दमात जातील आणि परत येण्यासाठी दोन्हींना मुंबईत चार्जिंग लागेल. साहेबांना हा हिशेब दाखवा.

हाच न्याय चार्जिंगच्या वेगाला. एक्सईव्हीची मोठी बॅटरी २० ते ८० टक्के २० मिनिटांत, हॅरियरची २५ मिनिटांत, असं कंपन्या सांगतात. खरं आहे, पण तेवढ्या ताकदीचा चार्जर समोर असेल तर. आपल्याकडे हायवेच्या हॉटेलांपाशी बहुतेक ३० किंवा ६० किलोवॅटचे खांब दिसतात, आणि त्याच खांबाच्या दुसऱ्या चार्जिंग गनला दुसरी गाडी लागली की त्यातही वाटणी होते. ६० किलोवॅटवर दोन्ही गाड्या पाऊण तास घेणार. तेवढ्यात मिसळ आणि चहा होतो. पाच मिनिटांसाठी गाडी निवडू नका.

कुंभार्लीची भीती मनातून काढा. माणसं-सामानासकट अडीच टन वजन ६०० मीटर वर चढवायला निव्वळ चार युनिट वीज पुरते. मोटरमधली आणि इतर गळती धरून पाच म्हणा. गुहागरहून साताऱ्याला परतताना एवढंच जास्त लागेल. उलट जाताना उतारावर मोटर जनित्रासारखी चालून त्यातली बरीचशी वीज परत बॅटरीत भरते आणि ब्रेकही तापत नाहीत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेली माझी. घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या ब्रेक-लायनरचा वास नाकात बसलाय. या गाड्यांत तो प्रकार जवळजवळ संपला. एकच पथ्य : बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरचा हा ब्रेक कमी लागतो. महाबळेश्वरला रात्रभर चार्ज करून सकाळी आंबेनळी उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुम्ही कोयनेपर्यंत येता येता वीसेक टक्के खर्ची पडलेले असतात, तुम्हाला चिंता नाही.

आता मुद्द्याचं. सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते गाडी तिथेच ठरते.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे आतली जमीन वर येते. मागच्या सीटवर बसलं की गुडघे उंच राहतात आणि मांड्या सीटवर पूर्ण टेकत नाहीत. तरण्या माणसाला पत्ता लागत नाही. गुडघे दुखणाऱ्याला पाटणपर्यंत पोचता पोचता कळतं. त्यातून एक्सईव्हीचं छप्पर मागे उतरतं आहे. दिसायला देखणं, प्रश्नच नाही, पण दारातून आत शिरताना मान खाली घालावी लागते. उंचीचे आकडे बघा : एक्सईव्ही १६९४ मिलिमीटर, हॅरियर १७४०. साडेचार सेंटिमीटर कागदावर काहीच नाही, दाराच्या चौकटीत पुष्कळ आहे.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला मुलाला घरी ठेवा आणि सासूबाईंना न्या. त्यांच्या रोजच्या लुगड्यात, रोजच्या चपलांत, काठीसकट. कुणी हात देऊ नका. दाराची मूठ त्यांना ओढता येते का, आधी पाय आत जातो की आधी बसावं लागतं, वर धरायला कडी कुठे आहे, हे नुसतं उभं राहून बघा. मग वीस मिनिटं खराब रस्त्यावर फिरवा आणि त्यांना उतरू द्या. उतरताना टाच जमिनीला लागेपर्यंत त्या सीटच्या कडेला लोंबकळत असतील तर ती गाडी बाद. सेल्समन म्हणेल, फूटस्टेप लावून देतो. घाई करू नका. पावसात ओल्या चपलेनं त्यावरून पाय सटकतो, शिवाय गाडीखालची जागा कमी होते.

पार्किंगचंही मोजून घ्या. एक्सईव्ही ४७८९ मिलिमीटर लांब, हॅरियर ४६०७. अठरा सेंटिमीटरनं इमारतीचं फाटक लागेल की नाही ते ठरतं. अर्थात ही लांबी एक्सईव्हीच्या कामीही येते : डिकी ६६३ लिटरची, हॅरियरची ५०२. आंब्याच्या पेट्या आणि नारळाची पोती आणायची असतील तर त्या बाजूला एक गुण द्यायलाच हवा. बॉनेटखालीही तिला १५० लिटरची जागा आहे. स्टेपनीचं मात्र दोन्हीकडे व्हेरियंट सांगून विचारा. नुसतं पंक्चर किट घेऊन कोकणात जाऊ नये.

पैशाचं बोलू. कंपन्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या एक्स-शोरूम किमती अशा : हॅरियरचं ७५ युनिटवालं फिअरलेस प्लस २४.९९ लाख, एक्सईव्हीचं ७९ युनिटवालं पॅक टू २६.५० लाख. वर विमा आणि घरचा चार्जर आला. चार्जर किमतीत धरलेला आहे का, हे लेखी घ्या. हॅरियर २८ च्या आत आरामात बसते, एक्सईव्ही काठावर येते. हॅरियरचं चारही चाकं ओढणारं मॉडेल २८.९९ ला आहे, ते डोक्यातून काढा. गावच्या घरापर्यंत लाल मातीचा चढ असेल आणि जुलैत तिथे गाडी अडकत असेल, तरच त्याचा उपयोग.

दोन्ही गाड्या भारत एनकॅपच्या (अपघात-सुरक्षेच्या चाचणीत) पाच ताऱ्यांच्या, दोघींच्या बॅटऱ्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) जातीच्या, दोघींच्या मोठ्या बॅटरीला पहिल्या मालकासाठी आजीवन वॉरंटी. त्या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. (ही 'आजीवन' म्हणजे किती वर्षं आणि कुठल्या अटींवर, ते मात्र छोट्या अक्षरांत वाचा.)

माझं मत विचारलंत तर तुमच्या घराला हॅरियर, फिअरलेस प्लस, ७५ युनिट. साहेब एकटेच नाशिक-नागपूर करत असते तर मी दुसरी सांगितली असती. पण सासूबाई एक्सईव्हीत सहज बसल्या-उतरल्या, तर माझं मत बाजूला ठेवा आणि साहेबांना जिंकू द्या.

बुकिंगआधी एक काम करा. इलेक्ट्रिशियन बोलावून पार्किंगपासून मीटरपर्यंतची वायर तपासा. ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर ओढतो. जुन्या इमारतीत वेगळी वायर, वेगळं अर्थिंग आणि महावितरणकडून वाढीव लोड लागतो. सोसायटीचं पत्रही आधीच घेऊन ठेवा. घरगुती मीटरवर युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर बसतो, म्हणून ईव्हीसाठी वेगळ्या जोडणीचं विचारा. तुमच्या २५ किलोमीटरला दिवसाचे चार-पाच युनिट, तेवढे तर १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर दीड-दोन तासांत भरतात.

आणि मुंबईला जाताना : राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. तरी फास्टॅगमधून पैसे कापले गेलेच, तर तो मेसेज पुसू नका. परतावा मागताना तोच पुरावा.

प्रश्न : एलएफपी बॅटरी रोज १०० टक्के भरावी की ८० वर थांबावं? दोघे दोन सांगतात.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रोजच्या फिरण्याला ८०-९० पुरे. पण अधूनमधून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं, पूर्ण भरा. या जातीच्या बॅटरीचा व्होल्टेज बराच वेळ एकाच पातळीवर राहतो, त्यामुळे किती चार्ज शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की तो जागेवर येतो. भरून आठवडाभर उन्हात उभी मात्र करू नका.

प्रश्न : शोरूमवाला म्हणतो, ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत मिळते. खरं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कलम ८०ईईबी. ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आज कर्ज काढाल तर मिळणार नाही. ती धरून हप्त्याचा कागद केला असेल, तर तो त्याच टेबलावर पुन्हा करून घ्या.