मॉरिकोनेंच्या वेस्टर्न संगीताच्या सीडी घरी असताना कॉन्सर्टला जायचं कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा युरोपात असतो, तो तुम्हाला एन्निओ मॉरिकोने यांच्या काउबॉय चित्रपटांच्या संगीताच्या ऑर्केस्ट्रा कॉन्सर्टला नेणार म्हणतोय. ईस्टवुडच्या त्या चित्रपटांच्या सीडी तुमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत. मग तेच संगीत ऐकायला एवढे पैसे घालून जाण्यात काय हशील?

जा. फक्त तिकीट काढण्याआधी कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. का ते सांगतो.

‘वेस्टर्न’ म्हणून आपण जे संगीत ओळखतो त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एक अमेरिकन. संगीतकार जेरोम मॉरॉस यांचा ‘द बिग कंट्री’ (१९५८) किंवा एल्मर बर्नस्टीन यांचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) घ्या. त्यांच्यामागे अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांची ‘बिली द किड’ आणि ‘रोडिओ’ ही बॅले उभी आहेत. हे संगीत लिहिलंच मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी, त्यामुळे हॉलमध्ये ते आपल्या घरी असल्यासारखं वाजतं. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये खाली तुटक, उसळता ताल चालू असतो आणि वर धून ऐसपैस पसरते. रेकॉर्डवर आपण ती धूनच गुणगुणत बसतो, समोर बसलं की खालचा ताल अंगावर येतो.

दुसरं घराणं इटालियन, आणि तुमचा प्रश्न खरा त्याच्याबद्दल आहे. मॉरिकोने रोमच्या सांता चेचिलिया कॉन्झर्व्हेटरीत ट्रम्पेट आणि रचनाशास्त्र शिकले, संगीतकार गोफ्रेदो पेत्रासींचे विद्यार्थी. दिग्दर्शक सर्जिओ लिओने त्यांचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) करताना हाताशी पैसे बेताचेच होते. मॉरिकोनेंनी त्याआधी पीटर टेव्हिस या अमेरिकन गायकासाठी एका लोकगीताची अरेंजमेंट केली होती, त्यात चाबूक होता, घंटा होती. लिओनेंना ती आवडली. गायकाचा आवाज काढून तिथे शीळ घातली आणि चित्रपटाची मुख्य धून तयार झाली. ती शीळ आणि गिटार दोन्ही अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची.

हे संगीत जन्मालाच माइकसमोर आलं. शीळ, माउथ ऑर्गन, ओकारिना (मातीचं छोटं फुंकवाद्य), तोंडाने काढलेली कोल्ह्यासारखी साद, हे सगळे आवाज मुळात लहान. स्टुडिओत माइक ओठांपाशी नेला की ते पूर्ण ऑर्केस्ट्रावर मात करतात. हॉलमध्ये ऐंशी-नव्वद वादकांसमोर शीळ घालणाऱ्या माणसाचं काय होणार? म्हणून या कार्यक्रमांत एकल कलाकारांना माइक लागतोच, आणि संध्याकाळ रंगणार की फसणार हे निम्मं ध्वनी सांभाळणाऱ्यावर अवलंबून असतं. हॉलमध्ये माइक हा मिंधेपणा आहे असं मानणारे शुद्धतावादी श्रोते भेटतात. इथे मला ते मुळीच पटत नाही. माइक या रचनेतलंच एक वाद्य आहे.

मग प्रत्यक्ष ऐकण्यात मिळतं काय? ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची (१९६६) ती सुप्रसिद्ध साद आठवा. तिन्ही पात्रांना मॉरिकोनेंनी तीच सुरावट दिली आहे: ब्लाँडीला बासरी, एंजल आईजला ओकारिना, टुकोला माणसाचा आवाज. सीडीवर ती एकाच ठिकाणाहून येते. रंगमंचावर ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उडी मारताना दिसते. आता सूर कोणाकडे गेला म्हणून तुमची नजर शोधत राहते, आणि चित्रपटातही तिघे एकमेकांकडे असेच बघत उभे असतात.

घरबसल्या याची चव घ्यायची असेल तर डॅनिश नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राने २०१८ मध्ये कोपनहेगनला केलेला मॉरिकोनेंचा कार्यक्रम यूट्यूबवर पाहा, कंडक्टर सारा हिक्स. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला आहे. ऑपेरात गाणारी गायिका माइकसमोर उभी राहून ती रानटी साद पूर्ण गांभीर्याने घालते, ते बघताना अंगावर काटा येतो. हा गमतीचा आवाज नाही, त्याला श्वास, सूर आणि नेमकी जागा लागते हे तिच्याकडे बघून कळतं.

आणि ‘एक्स्टसी ऑफ गोल्ड’. चित्रपटात टुको सोन्यासाठी कबरस्तानात वेड्यासारखा धावतो तेव्हाचं. २०१८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ओटू अरीनात मी ते खुद्द मॉरिकोनेंच्या हाताखाली ऐकलं. नव्वदी गाठलेला माणूस, खुर्चीत बसून, हातवारे अगदी मोजके. पियानोची गरगरणारी आवर्तनं सुरू होतात, वर कोर आंग्ले हे ओबोच्या कुळातलं वाद्य धून धरतं आणि मग सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, येते. शब्द एकही नाही, नुसता आकार. मूळ ध्वनिमुद्रणात एद्दा देल्ल’ओर्सो यांचा आवाज कानाशी बोलल्यासारखा आहे. प्रत्यक्षात त्याच सुरांना कोरस, ढोल आणि घंटांवरून पलीकडे जायचं असतं. कोरसची अख्खी रांग एकदम उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाई रडत होत्या, आणि माझीही अवस्था निराळी नव्हती.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. अख्खा चित्रपट पडद्यावर आणि खाली थेट ऑर्केस्ट्रा, असेही कार्यक्रम असतात. कंडक्टर कानातल्या टिकटिकीवर किंवा समोरच्या छोट्या पडद्यावरच्या खुणांवर चालतो, सेकंदही हलता येत नाही. त्यातलं कौशल्य मला मान्य आहे, पण लिओनेंच्या चित्रपटांसाठी माझी पसंती निवडक रचनांच्या कॉन्सर्टला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सुरुवात आठवा: करकरणारी पवनचक्की, माशी, ठिबकणारं पाणी, संगीत जवळपास नाहीच. तिथे ऑर्केस्ट्रा हातावर हात ठेवून बसणार. शिवाय त्या चित्रपटाचं संगीत आधी ध्वनिमुद्रित झालं आणि चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवलं गेलं. नायिका क्लॉडिया कार्डिनाले स्टेशनातून बाहेर पडते आणि कॅमेरा छपरावरून वर चढतो, तो संगीताच्या चढावर बेतलेला आहे. चित्र संगीतामागून चाललं होतं, तेव्हा हे संगीत चित्राशिवायही खुशाल उभं राहतं.

आपल्या कानांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ‘शोले’तला जयचा माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलेला. त्याच्या सात वर्षं आधी ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये फ्रांको दे जेमिनींनी वाजवलेला माउथ ऑर्गन रूळांच्या कडेला घुसमटत होता.

आता तिकिटाचं. पत्रिकेत तीन गोष्टी शोधा: पूर्ण ऑर्केस्ट्रा आहे का (चार-पाच वादकांचे मेणबत्तीच्या उजेडातले कार्यक्रमही अशाच नावांनी विकले जातात), कोरस आहे का, आणि सोप्रानोचं नाव छापलंय का. कोरस नसेल तर ‘एक्स्टसी ऑफ गोल्ड’ अर्धंच मिळेल. मॉरिकोने ६ जुलै २०२० रोजी गेले. त्यांचा मुलगा आंद्रेआ, स्वतः संगीतकार, वडिलांच्या संगीताचे कार्यक्रम कंडक्ट करतो. तुमच्या तारखांना त्याचा कार्यक्रम असेल तर तोच घ्या. आणि पहिली रांग नको. तिथे व्हायोलिनच ऐकू येतात, कोरस दिसत नाही. पहिल्या बाल्कनीत मधोमध जागा मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.