तात्पर्य पाठ आहे, पण बाकावर जागा देत नाहीत

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात तिसरीचा वर्ग शिकवते. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला एक मुलगा कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्चअखेरीस शाळेत परतला. तो वाचताना अडखळतो, म्हणून मुले हसतात. त्याच्या कपड्यांना पाचटाचा वास येतो असे म्हणून त्याला बाकावर जागा देत नाहीत. परिपाठाला रोज बोधकथा होते आणि ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ हे तात्पर्य सगळ्यांना पाठ आहे. चिडवणाऱ्या दोघांना मी वर्गाबाहेर उभे केले, माफीही मागायला लावली. मधल्या सुट्टीत चिडवणे उलट वाढले. काय करावे?

उत्तर : बाई, तात्पर्य पाठ असूनही मुले अशी वागतात याचे तुम्हाला वाईट वाटते, ते स्वाभाविक आहे, परंतु आठ वर्षांच्या मुलासाठी ते वाक्य पाढ्यासारखेच असते. आपण बाकावर सरकून जागा अडवली तेव्हा समोरच्याने दप्तर छातीशी घट्ट धरले, हे मात्र कोणी दाखवल्याशिवाय त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून चिडवणाऱ्याला एकट्याला जवळ बसवून हळू आवाजात विचारा, की तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता. उत्तर लगेच येणार नाही, थांबा. माफीचा शब्द वदवून घेण्यापेक्षा आता काय करता येईल, हे त्यालाच सुचवू द्या.

वर्गाबाहेर उभे करणे थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यासही मनाई आहेच. शिवाय चारचौघांत अपमान झालेल्या मुलाचे सारे लक्ष स्वतःच्या अपमानातच अडकते आणि दुसऱ्याचे दुःख त्याला दिसेनासे होते.

मेरी गॉर्डन यांनी १९९६ साली कॅनडातील टोरोंटो येथे सुरू केलेल्या उपक्रमात परिसरातील एक तान्हे बाळ आई किंवा वडिलांबरोबर वर्षभरात अनेकदा वर्गात येते. मुले भोवती बसून ते का रडले असेल, त्याला काय हवे असेल, याचा अंदाज बांधतात. बाळाला बोलता येत नसल्यामुळे त्याच्याकडे नीट पाहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि माझ्या मते सगळे शिक्षण या पाहण्यातच आहे. अंगणवाडीताईंना विचारलेत तर तुमच्या गावातही एखादी आई आनंदाने येईल. बोधकथाही चालू ठेवा, फक्त मध्येच थांबून ‘आता त्याच्या मनात काय चालले असेल?’ असे विचारा आणि तात्पर्य सांगू नका.

त्या मुलाबाबत एक काळजी घ्या : ‘बिचारा’ हा शब्द वर्गात येऊ देऊ नका. त्याच्या घरच्या हलाखीची गोष्ट सांगून मुलांच्या डोळ्यांत पाणी आणता येईल, पण त्यानंतर तो त्यांच्या बरोबरीचा राहणार नाही. त्यापेक्षा त्याला जे येते ते वर्गाला दिसू द्या. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, पिळून त्याचाच बंध करून मोळी कशी आवळतात, हे त्याने फडात कितीदा तरी पाहिले असेल. दाखवशील का, असे आधी त्याला एकट्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. तयार झाला, तर इतरांनाही करून पाहू द्या. त्यांचा बंध सुटेल आणि मग ते आपणहून त्याच्याकडे वळतील.

बाकावरची जागा दर सोमवारी संपूर्ण वर्गाचीच बदला, म्हणजे बदल केवळ त्याच्यासाठी केला असे दिसणार नाही. जोडीवाचनासाठी त्याला वर्गातील सर्वांत हुशार मुलगा देण्याचा मोह टाळून, ज्याच्यापाशी धीर आहे असा सोबती द्या. आणि उद्या त्याचे वाचन घ्याल, तेव्हा अडलेला शब्द स्वतः सांगू नका, दुसऱ्या कोणाला सांगू देऊ नका. तो शब्द त्याच्या तोंडून येईपर्यंत सगळा वर्ग तुमच्याबरोबर शांतपणे थांबू द्या.