शालेय व्यवस्थापनाचा डिप्लोमा करायचाय?

मॅडम, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा डिप्लोमा जरूर करा, पण तो झाला की लगेच मुख्याध्यापक होणार असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. खाजगी अनुदानित शाळेत 1981 ची सेवाशर्ती नियमावली चालते, तिथे सेवाज्येष्ठता आणि अनुभव बघतात, त्यामुळे ती नियमावली आत्ताच वाचायला घ्या.

असाइनमेंट मात्र कॉपी मारून देऊ नका हो, सगळे तेच करतात. त्यापेक्षा तुमच्या शाळेतल्या क्लार्ककडे जाऊन बसा, शालार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, पगारबिल कसं जातं, यूडायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती कशी भरतात, जनरल रजिस्टरमध्ये (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) जन्मतारीख बदलायची वेळ आली तर काय काय लागतं हे बघा, पुस्तकातलं तेव्हाच कळतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगलाही बसा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिथे 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला, कागदावर तरी! पालक खरंच बोलतात का ते बघा.

आणि नाशिकमध्येच आहात तर गोवर्धनला विद्यापीठात एक चक्कर मारून या, पण त्याआधी यंदाची माहितीपुस्तिका वाचा. पात्रता, फी त्यातूनच बघायची, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर नको.