कॉर्वेट स्पोर्ट्स कारची फायबरग्लासची फायरवॉल बदलायला बॉडी चॅसिसवरून उतरवावी लागते का?

नाही, फायरवॉल (इंजिन आणि आतली बसायची जागा यांच्यामधली भिंत) बॉडी जागेवर ठेवून बदलता येते. इंजिन मात्र बाहेर काढावंच लागेल आणि कापायच्या आधी बॉडीला आतून आधार द्यावा लागेल. या गाड्यांत फायरवॉल बोल्टने बसवलेली नसते, आजूबाजूच्या पॅनेलना चिकटवलेली असते. आधार न देता ती काढली तर बॉडी किंचित सरकते, नवं पॅनेल तशाच वाकड्या स्थितीत चिकटतं आणि मग दारं नीट बसत नाहीत. म्हणून दारं लावलेलीच ठेवा, त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवा.

सांधा ग्राइंडरने कापत सुटू नका. हीट गनने थोडं थोडं तापवून पातळ पटाशीने उकलला तर कडा शाबूत राहतात. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू ८० ग्रिटच्या सँडपेपरने खरवडा, धूळ पुसा, आणि वायपर, हीटर, स्टिअरिंगची भोकं जुन्या पॅनेलवरून आधीच आखून घ्या (नंतर अंदाजाने पाडलेली भोकं हमखास चुकतात). फायबरग्लासची धूळ फार वाईट, साधा रुमाल चालणार नाही, रेस्पिरेटरच वापरा.

१९६३ पासूनच्या गाड्यांत पुढच्या काचेच्या चौकटीभोवती स्टीलचा सांगाडा असतो. फायरवॉल निघाली की तो गंजलाय का ते आधी बघा.

एक मात्र आहे: १९७० च्या दशकातल्या एसएमसी (साच्यात दाबून बनवलेल्या फायबरग्लासच्या) पॅनेलवर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, तिथे इपॉक्सी किंवा एसएमसीसाठीचाच अॅडेझिव्ह घ्या. आणि नुसती जास्तीची भोकं बुजवायची असतील, तर अख्खी फायरवॉल बदलूच नका.