रांजण भरणारे

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुण संघाचं काम तुझ्याकडे आलं, आणि लोकांना आनंद द्यायचा तर कोणकोणते कार्यक्रम घ्यावेत, असं तू विचारतोस. कार्यक्रमांतलं मला फार कळत नाही. नाताळच्या कॅरलबरोबर गल्लोगल्ली फिरायचा दमही आता गुडघ्यांत उरला नाही. पण माझी एक चूक सांगतो.

तुझ्याएवढाच होतो. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका गृहस्थांचा तरणाताठा मुलगा विहिरीत बुडून गेला. मातीहून परतल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन म्हणून दाखवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. वचन खोटं नाही. पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. रिकामा हंडा उचलला, आडावरून भरून आणला, चुलीवर चहा चढवला आणि धाकट्या पोरीची विस्कटलेली वेणी घालायला बसल्या. गृहस्थांनी अर्धा कप चहा घेतला. दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच.

मला तेव्हा वाटलं होतं, काकूंनी उपासनेत व्यत्यय आणला! पुढे बायबलातल्याच नीतिसूत्रांचा पंचविसावा अध्याय नीट वाचला. खिन्न माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं तिथे स्पष्ट आहे. दुःखात बुडालेल्या ईयोबाचं सांत्वन करायला आलेले मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते तोवर बरे होते. बिघडलं ते त्यांनी तोंडं उघडल्यावर. आणि हो, भल्या पहाटे मोठ्या आवाजात मित्राला आशीर्वाद दिला तर तो शापच समजला जाईल, हेही नीतिसूत्रांतच आहे, अध्याय 27, वचन 14. संघाच्या ग्रुपवर पहाटे साडेचारला वचनं टाकणाऱ्यांना एकदा दाखव.

आनंदाचं म्हणशील तर मला काना गावचं लग्न आठवतं. द्राक्षारस संपलेला. सहा दगडी रांजण, एकेकात दोन-तीन मण पाणी मावणारे. प्रभू येशूने सांगितलं, भरा. चाकरांनी ते काठोकाठ भरले, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. आजच्या मापाने ते पाणी पाच-सहाशे लिटर तरी होईल. पाहुणे जेवत असताना एवढं पाणी वाहायचं म्हणजे खांदे भरून येतात. पुढची ओळ लोक भरभर वाचून जातात: भोजनकारभाऱ्याला रस कुठला ते कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. वाहवा नवऱ्या मुलाची झाली. गंमत कळली ती चाकरांना.

म्हणून मंडळीच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन लांबलं की मी हळूच चपला शोधायला लागतो.

तुला काम हवंच असेल तर चर्चमागे राहणाऱ्या आजींकडे जा. डोळ्यांनी दिसत नाही, पण कान शाबूत. त्यांना कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजनं लागतात. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. आपल्याकडे तेव्हा बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर म्हणत, त्यांनी अभंग-ओव्या आणल्या. आजींच्या आईने त्या जात्यावर म्हटलेल्या. त्यामुळे गिटार नेऊ नकोस. सूर चुकलास तर त्या खुदकन हसतील. हसू दे. दिवसभरात दुसरं हसायला त्यांच्याकडे कोण येतं?

बायबल त्या मागतील तेव्हाच उघड. त्यांच्या माठाची तोटी गळते, दुपारपर्यंत पाणी संपतं, आणि त्या कुणाला सांगत नाहीत. टाळ माझ्याकडे आहेत, गुरुवारी सकाळी घेऊन जा.

तुझा,
मास्तर