जुन्या लाकडाची जमीन करण्यापूर्वी

पाडलेल्या इमारतींतून निघालेले सागवान किंवा ओक जमिनीसाठी घेणार असाल, तर रंगरूपाआधी त्यातील ओलावा तपासा. लाकूड शंभर वर्षांचे असले, तरी उघड्यावर पडून राहिल्यास ते हवेतील दमटपणा पुन्हा शोषून घेते आणि अशा फळ्या घाईने ठोकल्या, तर त्या पुढे आकसून सांध्यांत फटी पडतात. म्हणून मॉइश्चर मीटरने फळ्यांतील आणि त्या ज्यावर ठोकायच्या त्या लाकडी तळातील ओलावा मोजावा. तीन इंचांहून रुंद फळ्यांसाठी दोन्हींतील फरक २ टक्क्यांच्या आत असावा. त्यासाठी फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत रचून ठेवाव्यात; ठरावीक दिवसांच्या हिशेबावर माझा फारसा विश्वास नाही.

रंध्याखाली घेण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून मेटल डिटेक्टर फिरवा, कारण आत तुटून राहिलेला एकच खिळा पाते निकामी करतो. बारीक छिद्रांतून ताजी भुकटी गळत असेल, तर कीड जिवंत असण्याची शक्यता धरून तो माल भट्टीत तापवून घ्यावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. चाचणीशिवाय तो कोरडा घासू नका. तुटफूट गृहीत धरून १५ ते २० टक्के जादा माल घ्यावा, कारण तशाच फळ्या नंतर मिळतीलच असे नाही.